अर्जदारास विचारावे

मंडळी, मागे आवाज येतोय का? येतोय म्हणता, तर येत असेल. मला मात्र माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटतोय.

तालुक्याच्या कृषी कचेरीचे साहेब, सरपंचबाई, नाशिकहून आलेले हिराताईंचे यजमान भोयेभाऊ, त्यांची लेक कविता, सुरगाण्याकडून पहाटेच निघून आलेली हिराताईंची माहेरची माणसं, आणि आपल्या गावातली सगळी लहानथोर मंडळी. कांदा काढणीचे दिवस आहेत. तरी पंचायतीचा ओटा भरला, अंगण भरलं, काही जण ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेत. एका सरकारी नोकराच्या शोकसभेला एवढं गाव जमतं, हे मी माझ्या जन्मात पहिल्यांदा पाहतोय.

मी पुंजाराम. चौथीपर्यंत शिकलो. माइक आज पहिल्यांदा हातात धरलाय. सकाळपासून तीनदा पाणी प्यालो, दोनदा टोपी बदलली. माझा धाकटा भाऊ कचरू हा इथे पुढेच बसलाय. येताना मला म्हणाला, "दादा, थोडक्यात आटप. तुझं बोलणं सुरू झालं का म्हशी पान्हा चोरत्यात." हसा, मंडळी, हसायला हरकत नाही. हिराताईंना माणसं हसलेली आवडायची.

पण कचरू, आज मला वेळ लागेल. माझ्या खिशात एक कागद आहे. तो वाचल्याशिवाय मी खाली बसणार नाही. आणि एक विनंती आहे. मधे मला कुणी थांबवू नका. भोयेभाऊ, तुम्हीसुद्धा नका थांबवू. तुम्हाला राग येईल, यायलाच पाहिजे. पण पुरतं ऐकून घ्या, मग राग करा. एकदा थांबलो तर पुन्हा सुरू करायचा धीर माझ्यात नाही.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. हिराताई भोये आमच्या गावच्या कृषी सहायक. अलीकडे त्यांच्या हुद्द्याचं नाव बदललं म्हणे, पण आमच्या तोंडात तेच बसलंय. शेतकऱ्याला सरकारचं जे जे अनुदान मिळतं, ठिबक म्हणा, शेततळं म्हणा, कांदा चाळ म्हणा, त्याचा अर्ज पोर्टलवर जातो, सोडत निघते, पूर्वसंमती येते. पण शेवटी वावरात येऊन, माप घेऊन, फोटो काढून, "हो, हे खरंच झालंय" असं सांगणारं एक माणूस लागतं. ते माणूस म्हणजे हिराताई. त्यांनी हो म्हटल्याशिवाय वरून पैसे निघत नाहीत.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी काय बोललो, ते इथल्या बऱ्याच जणांनी ऐकलंय. खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, "नागली आणि भात पिकवणाऱ्या डोंगराकडची बाई. तिला आमच्या कांद्यातलं काय कळणार?" त्यांच्या कानावर गेलं. पुढच्या बुधवारी त्यांनी डबा उघडला, त्यातली नागलीची भाकर माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "बाबा, आधी ही खाऊन बघा. कांदा मी तुमच्याकडून शिकते." मी खाल्ली. आणि त्या खरंच शिकल्या. पात किती सुकली म्हणजे कांदा चाळीत टाकायचा, कोणता कांदा टिकतो, कोणता मोड काढतो, सगळं विचारून विचारून शिकल्या. दोन वर्षांत आमच्या तरण्या पोरांना त्या सांगायला लागल्या.

दर बुधवारी त्या ह्याच ओट्यावर बसायच्या. ती निळी खुर्ची. आज तिच्यावर त्यांचा फोटो ठेवलाय. हातात फोन, मांडीवर वही, आणि पुढे आपण सगळे, पिशव्यांतून कागद काढत. कुणाची केवायसी अडली, कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही, कुणाचे पैसे कुठल्या खात्यात गेले तेच कळत नाही. तालुक्याला गेलो तर आपल्याला ह्या खिडकीतून त्या खिडकीत पाठवतात. हिराताई सांगायच्या, "तुम्ही जाऊ नका. कागद द्या, मीच विचारून येते."

शेवंताकाकू, तुम्हाला आठवतं का? शेतकऱ्याच्या हप्त्याच्या केवायसीला काकूंच्या बोटांचे ठसे उमटेनात. जन्मभर खुरपं धरलेली बोटं. मग हिराताई म्हणाल्या, चेहरा दाखवून होतं. काकूंनी पदर असा ओढून घेतला की फोनला नाकाचा शेंडासुद्धा दिसेना. हिराताई म्हणाल्या, "काकू, पदर मागे घ्या." काकू म्हणाल्या, "सासऱ्यानं माझं तोंड पाह्यलं नाय, आन आता सरकार पाह्यणार व्हय?" सगळा ओटा हसला. हिराताईंनी सगळ्या पुरुषांना पाठ करून उभं केलं. मीही उभा होतो, भिंतीकडे तोंड करून. मग काकूंनी पदर मागे घेतला. काकू, ते पैसे आजही येतात ना? येतात. दर हप्त्याला येतात.

आणि चहा. हिराताईंचा चहाचा नियम अख्ख्या गावाला पाठ होता. काम चालू असताना त्या कुणाकडे चहा घ्यायच्या नाहीत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. अनुदान खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की स्वतःहून दारात यायच्या आणि म्हणायच्या, "आता करा चहा." गावात कुणाच्या दारापुढे त्यांची स्कूटर दिसली की लोक म्हणायचे, ह्याचं काम झालं वाटतं.

हा नियम लक्षात ठेवा, मंडळी. ह्याच नियमाचा मी उलटा अर्थ लावला.

आता माझी गोष्ट सांगतो.

गेल्या वर्षी कांदा चाळीच्या सोडतीत माझं नाव निघालं. पूर्वसंमती आली. मी काळजी करणारा माणूस. पूर्वसंमतीचा कागद मी तीन ठिकाणी तीन प्रती करून ठेवला. चाळ बांधली ती अगदी कागदात दिल्याप्रमाणे. लोखंडी अँगल, बाजूने बांबूच्या पट्ट्या, खालून हवा, वर पत्रे. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही. सुताराशी मी रोज भांडायचो. तो म्हणायचा, "बाबा, कांदा ठेवायचा हाय का नवरी बसवायची हाय?"

सगळं कागदाप्रमाणे केलं. फक्त जागा कागदावर पाहिली नाही.

चाळ मी खळ्यात बांधली. आता खळं म्हणजे काय, हे कविताला सांगायला हवं. बेटा, पूर्वी मळणी जिथे व्हायची ती सारवलेली जागा. आमचं खळं उंचावर आहे, मुरमाड जमीन, पश्चिमेचा वारा सरळ येतो. वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. खालची काळी जमीन मला, वरचा माळ कचरूला. वाटणी आईने केली. आणि वाटणी करताना ती म्हणाली, "वावर वाटा, विहिरीच्या पाळ्या वाटा, पण खळं वाटू नका. घरात एक जागा तरी अशी ठेवा, जिथं दोघांचं धान्य एका ढिगात दिसंल." आमच्याकडे बऱ्याच घरांत असंच आहे. खळ्याला बांध घालत नाहीत. त्यामुळे सातबाऱ्यावर खळं कुणाच्या गट नंबरात येतं, हा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आलाच नाही. तिथे तो मळायचा, मी मळायचो. आज कांदा आला, तर चाळ तिथेच. दुसरी कुठे?

हिराताई तपासणीला आल्या. लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली. टेपचं दुसरं टोक कचरूने धरलं होतं. माप बरोबर आलं. मग त्यांनी मला चाळीपुढे उभं केलं आणि फोन वर धरला. तो फोन नुसता फोटो काढत नाही. माणूस कुठल्या गटात उभा आहे, तेही त्यात उमटतं. त्यांनी फोन वर धरला. खाली केला. पुन्हा वर धरला. पुन्हा खाली.

"बाबा, तुमचा गट कोणता?"

मी सांगितला.

"तुम्ही आता उभे आहात तो गट तुमचा नाही."

"मग कुणाचा?"

"कचरूनानांचा."

कचरू टेप गुंडाळत होता. तो म्हणाला, "आयला, म्हंजी दादा माझ्या वावरात घुसलाय! बाई, पोलीस बोलवा."

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "बाई, हे खळं आहे. खळ्याला गट नसतो."

"कागदावर असतो, बाबा. तुमच्या वावरात का नाही बांधली? चार पावलं खाली."

"काळ्या जमिनीत पाणी साचतं. तिथे चाळ घालून कांदा भिजवू का?"

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं, ते मला दिसत होतं. मग मी त्यांना जे सांगितलं, ते आज सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "असं करा, मी खाली माझ्या वावरात उभा राहतो. तुम्ही तिथून फोटो काढा. मागे चाळ दिसेल. कोण बघायला येतंय?"

त्या म्हणाल्या, "आज मी जुळवून दिलं, तर उद्या दुसरं कुणी तपासायला येईल आणि तुमच्याकडून सगळं परत मागेल. तेव्हा मी इथे नसेन, बाबा. मग तुम्ही कुणाला विचाराल?"

तेव्हा मी इथे नसेन. बदलीबद्दल बोलत होत्या त्या.

आकाश भरून आलं होतं. कांदा पातीखाली वावरात पडलेला. मी विचारलं, फोटो होईपर्यंत चाळ मोकळी ठेवू का? कारण मोकळी चाळच तपासतात, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. तर हिराताई माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या. "कांदा भरा! अनुदानासाठी कांदा सडवताय का? माप मी घेतलंय. आत्ताच पंचनामा करते. दोन पंच आणा." कचरूने सही केली, शेजारच्या वावरातल्या दगूने सही केली. मी विचारलं, "बाई, पंच म्हणजे कोण लागतं? सरपंच लागतो का?" त्या म्हणाल्या, "पंच म्हणजे ज्याने स्वतः पाहिलं तो. मोठा माणूस लागत नाही, पाहिलेला माणूस लागतो."

आम्ही कांदा भरला. तिसऱ्या दिवशी गारा पडल्या. कितीतरी जणांचा कांदा वावरात भिजला. माझा एकही भिजला नाही.

आणि मंडळी, ज्या बाईने माझा कांदा वाचवला, तिच्याविरुद्ध मी त्याच आठवड्यात तक्रार दिली.

कचरू, तुलाही हे माहीत नाही. बस खाली. बस, म्हणतो ना.

घरी बसून मी मनात चक्रं फिरवत होतो. माझी सवयच ती. बाई म्हणते माप बरोबर आहे. पंचनामा करते. कांदा भरा म्हणते. मग फोटो तेवढा का काढत नाही? चहा घेत नाही. पाणी घेत नाही. मग घेते तरी काय? काहीतरी घेत असेलच, नाहीतर फोटो अडवून कशाला ठेवील? असं माझ्या डोक्याने जुळवलं. ज्या गोष्टीबद्दल तिच्या पाया पडायला पाहिजे होतं, त्याच गोष्टीवरून मी तिच्यावर संशय घेतला.

तालुक्याला गेलो. कचेरीबाहेर एक टाइप करून देणारा बसतो. त्याने विचारलं, "तक्रार काय?"

"बाई फोटो काढत नाही."

"पैसे मागितले?"

"नाही."

"मागतील असं वाटतं?"

"आता काय सांगावं?"

"मग तसं टाकतो. नुसत्या फोटोच्या तक्रारीला कोण विचारतंय, बाबा?"

त्याने लिहिलं, 'सदर कर्मचारी आर्थिक अपेक्षेने फोटो काढण्यास टाळाटाळ करीत आहेत.'

त्या माणसावर मी ढकलणार नाही. मला वाचता येतं. हळूहळू येतं, अक्षराखाली बोट धरून येतं, पण येतं. मी ते वाक्य वाचलं. दोनदा वाचलं. आणि खाली सही केली.

बारा-पंधरा दिवसांनी हिराताई आल्या. मला वाटलं, आता बाई भांडणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. स्कूटर लावली आणि म्हणाल्या, "बाबा, तुमच्या आईचं नाव भागूबाई ना?"

"हो."

"फार हुशार बाई होत्या."

आणि त्यांनी पिशवीतून एका जुन्या फेरफाराची, म्हणजे वाटणीच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढली. अक्षर पुसट झालेलं. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. खळे दोघा भावांचे सामाईक. आईने वाटणीच्या वेळी तलाठ्यासमोर बसून ते लिहून घेतलं होतं. तिला सही येत नव्हती. खाली तिचा अंगठा होता. पुढे नवे उतारे झाले तेव्हा ती ओळ मागेच राहिली. आम्हाला वाटत होतं, आई नुसती तोंडाने बोलली. हिराताईंनी तालुक्याच्या जुन्या दप्तरात अर्धा दिवस धुळीत बसून आमच्या आईचा अंगठा शोधून आणला.

कचरू रडला त्या दिवशी. मी पाहिलं. त्याने लगेच टोपी तोंडावर घेतली आणि म्हणाला, "कांद्याचा वास लय झोंबतो."

जागा सामाईक निघाली, म्हणजे कचरूचं संमतीपत्र पुरे होतं. ते हिराताईंनी स्कूटरच्या सीटवर ठेवून लिहिलं. कचरू म्हणाला, "सही करतो बाई, पण चाळीचा एक कप्पा माझा. आन दादा त्याला भाडं लावील, तर भाडं घ्यायचं नाय, ते पण लिवा." त्या म्हणाल्या, "ते तुम्ही दोघं भांडून ठरवा. सरकारला मधे घेऊ नका."

मग फोटो. आम्ही दोघं भाऊ चाळीपुढे उभे राहिलो. फोनमध्ये एक आकडा दिसतो. तो खाली यावा लागतो, तेव्हा जागा नेमकी उमटते. माणूस हलला की आकडा पुन्हा वर जातो. मी सारखा हलत होतो. टोपी सरळ कर, धोतर नीट कर, मागे चाळ दिसते का ते बघ. तेव्हा हिराताई म्हणाल्या, "दोन मिनिटं कोणी हलू नका. फोनला जागा कळायला वेळ लागतो."

आम्ही उभे राहिलो. मी, कचरू, समोर हिराताई, हात वर धरून. बांबूच्या पट्ट्यांतून वारा शिरत होता, त्याचा बारीक आवाज येत होता. भरल्या कांद्याचा उग्र वास. उन्हाने डोळे मिटत होते. मंडळी, मी जन्मभर चुळबुळत आलोय. देवापुढेसुद्धा माझं लक्ष चपलांकडे असतं. पण ती दोन मिनिटं मी हललो नाही. डोक्यात काही आलं नाही. आई आठवली, तेवढीच. आयुष्यात इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं.

फोटो झाला. पुढे पैसे जमा झाले. आणि एका दुपारी हिराताई दारात उभ्या राहिल्या. "बाबा, आता करा चहा."

सूनबाईने चहा केला. हिराताई म्हणाल्या, "छान झालाय. आलं जरा जास्त आहे, पण छान झालाय." मी समोर बसलो होतो. माझ्या जिभेवर आलं होतं. बाई, मी तुमच्याविरुद्ध कागद दिलाय. म्हणायचं होतं. म्हणून टाकायचं होतं. आणि मी म्हणालो, "बाई, ढग आलेत."

त्यांनी वर पाहिलं. आकाश स्वच्छ होतं. एक ढग नव्हता. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हो बाबा, आलेत खरे." आणि बशी खाली ठेवून निघाल्या.

मला वाटलं, त्यांना काही ठाऊक नाही. मी स्वतःला समजावलं की तो कागद कुठेतरी पडला असेल. सरकारात काय कमी कागद असतात? बरं झालं, गेला.

मंडळी, हिराताईंचं आजारपण फार थोड्या दिवसांचं झालं. मागच्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी ही खुर्ची रिकामी राहिली. आम्ही वाट पाहिली. शुक्रवारी निरोप आला.

पुढच्या सोमवारी मी तालुक्याला गेलो. का गेलो? खरं सांगतो. त्यांच्या जागी कोण येणार, हे विचारायला गेलो. माझी काळजी तिथेही माझ्या पुढे धावली. तिथल्या कारकुनाने माझं नाव ऐकलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्हीच ते तक्रारदार ना?"

मी टोपी काढून हातात घेतली.

तो म्हणाला, "तुमची तक्रार भोये मॅडमकडेच गेली होती. पद्धत आहे तशी. ज्याच्याबद्दल तक्रार, त्याचा अभिप्राय मागवतात." त्याने फाइल काढली. माझा अर्ज. आणि त्याच्या मागे हिराताईंच्या अक्षरातला एक कागद. त्यावरची तारीख मी पाहिली. फेरफार घेऊन त्या माझ्या खळ्यात आल्या, त्याच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दप्तरात धुळीत बसल्या तेव्हा ठाऊक होतं. आम्ही दोन मिनिटं उभे होतो तेव्हा ठाऊक होतं. माझ्या घरचा चहा घेताना ठाऊक होतं. त्या नुसता कागद लिहून मोकळ्या झाल्या असत्या, तर मी काय करणार होतो? पण त्या माझ्या आईचा अंगठा घेऊन आल्या.

त्यांनी लिहिलेलं मी अक्षराखाली बोट धरून वाचलं. कारकुनाला सांगून उतरवून आणलं. ऐका. 'अर्जदाराची चाळ प्रत्यक्ष पाहिली. मापे बरोबर आहेत. जागा सामाईक आहे, जुना फेरफार सोबत जोडला आहे. अर्जदाराचे नुकसान होऊ नये. फोटो का काढला नाही, हे मी त्यांना नीट समजावून सांगायला हवे होते. तेवढी चूक माझी आहे.' आणि शेवटी एक ओळ. 'पैशाच्या आरोपाबाबत मला काही म्हणायचे नाही. अर्जदारास विचारावे.'

अर्जदारास विचारावे.

मी कारकुनाला म्हटलं, "मग मला कुणी विचारलं का नाही?" तो म्हणाला, "राहून गेलं." वर्ष होत आलं. फाइल तशीच उघडी. मी विचारलं, ह्याने बाईंच्या घरच्यांचं काही अडेल का? तो म्हणाला, "अडेलच असं नाही. पण आता त्यांचे पेन्शनचे कागद वर जातील. फाइल चाळताना कुणीतरी विचारणार, ह्याचं पुढे काय झालं? त्याला उत्तर देणारा कागद नाही."

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. इतकी वर्षं त्या बाईने सगळ्यांच्या कामावर "हो, हे खरं आहे" असं लिहून दिलं. आणि तिच्या स्वतःच्या नावापुढे तसं लिहायचं राहिलं, माझ्यामुळे. त्या स्वतःची बाजू मांडू शकत होत्या. ओटाभर साक्षीदार होते. पण त्यांनी ते माझ्यावर सोडलं. पुंजाबाबाला विचारा, तो खरं सांगेल, एवढा भरवसा त्यांनी माझ्यावर ठेवला. मी त्यांच्यावर ठेवला नव्हता, तरी.

साहेब, मला कुणी विचारलं नाही. आज मी न विचारता सांगतो. हा कागद मी स्वतः लिहिलाय. टाइप करणाऱ्याकडे गेलो नाही. अक्षर वाकडं आहे, समजून घ्या.

'मी पुंजाराम लिहून देतो की, हिराबाई भोये यांनी माझ्याकडे पैसे मागितले नाहीत. सुचवले नाहीत. त्यांच्या मनातही नव्हते. चहासुद्धा त्यांनी काम झाल्यावर घेतला. मी तक्रार मागे घेतो असे लिहीत नाही. मागे घेतली असे लिहिले तर कुणाला वाटेल, आपसात काही मिटवले. माझी तक्रार खोटी होती. ती मी वाचून, समजून सही केली होती. हेही मी समजून सही करतो.'

हा घ्या साहेब. दुसरी प्रत सरपंचबाईंकडे. तिसरी माझ्याकडे आहे. मला तीन प्रती लागतात, तुम्हाला ठाऊक आहे. आणि साहेब, ह्याची पोच आज नको, पण उद्या मला पाहिजे. मी येईन न्यायला. दिली नाहीत, तर परवाही येईन.

भोयेभाऊ, त्यांनी हे तुम्हाला घरी सांगितलं होतं का, मला ठाऊक नाही. सांगितलं असेल तर तुम्ही आज माझ्याच गावात, माझ्याच समोर येऊन बसलात, हे तुमचं मन. सांगितलं नसेल तर आता कळलं. कविता, बेटा, तुझ्या आईवर एका म्हाताऱ्याने आळ घेतला होता. त्याच म्हाताऱ्याने तो चारचौघांत खोटा ठरवला, एवढं लक्षात ठेव. माफी मी मागत नाही. मागितली की तुम्हाला द्यावी लागते, आणि आज तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. आज फक्त द्यायचं आहे.

हिराताईंचे उपकार मोजायला बसलो तर हा ओटा पुरणार नाही. शेवंताकाकूंच्या हप्त्यात त्या आहेत. दगूच्या ठिबकच्या नळीत आहेत. माझ्या चाळीत आहेत. आजही त्या चाळीत वारा येतो. एक कप्पा कचरूचा आहे. भाडं लावलेलं नाही.

मंडळी, ह्या कागदाखाली जागा सोडली आहे. पंच म्हणून सह्या करा. ज्यांनी हिराताईंचं काम स्वतः पाहिलं, त्यांनीच करा. सही येत नसेल तर अंगठा चालेल. अंगठा किती वर्षं टिकतो, ते आम्हा दोघा भावांना ठाऊक झालंय.

पण सह्या नंतर. आधी उभे राहा. ह्या वेळी काय म्हणायचं असतं, ते शिकलेली माणसं सांगतात, मला ते येत नाही. मला त्यांचंच येतं. टोप्या सरळ करू नका. चपलांकडे बघू नका. त्या निळ्या खुर्चीकडे बघा. दोन मिनिटं कोणी हलू नका. जागा कळायला वेळ लागतो.

बाई, अर्जदार इथे उभा आहे. हलत नाही.